वृक्ष : भाडेकरू की अलंकार? – हुंडर्टवासर यांच्या हरित वास्तुकल्पनेची चिकित्सा

सारांश

ऑस्ट्रियन चित्रकार फ्रीडेन्सराइख हुंडर्टवासर (१९२८–२०००) यांनी १९७०च्या दशकात ‘वृक्ष-भाडेकरू’ ही संकल्पना मांडली. इमारतीतील झाड हे शोभेची वस्तू नसून त्या घरातील हक्काचे रहिवासी आहे, आणि त्याच्या वास्तव्याची जबाबदारी माणसावर आहे, असा तिचा आशय आहे. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा वैचारिक पाया, व्हिएन्नातील हुंडर्टवासर-गृहात तिला लाभलेले प्रत्यक्ष रूप आणि मिलान, फुकुओका व चेंगडू येथील नंतरच्या प्रयोगांत तिचे झालेले रूपांतर यांची चिकित्सा केली आहे. हरित वास्तूचे मूल्यमापन तिच्या दृश्य रूपावरून न करता माती, पाणी आणि पालकत्व या तीन कसोट्यांवर करावे, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : हरित वास्तुकला, वृक्ष-भाडेकरू, हुंडर्टवासर, उभे वन, नागरी पर्यावरण, पालकत्व.

१. प्रस्तावना

हिरवाईने वेढलेल्या उंच इमारतींची चित्रे आज सर्वत्र दिसतात. गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत प्रत्येक सज्जात एक डेरेदार झाड असते, गच्चीवर हिरवळ असते आणि भिंतीवरून वेली ओघळत असतात. महानगरांतील उड्डाणपुलांच्या खांबांवर कुंड्या टांगल्या जातात. महाविद्यालयांच्या मूल्यांकनात हरित परिसराला महत्त्व आल्यापासून समितीच्या भेटीपूर्वी प्रवेशद्वाराशी दाखल होणाऱ्या कुंड्यांचा अनुभवही आपणांपैकी अनेकांना असेल. या सर्व उदाहरणांत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही : ही झाडे पाच वर्षांनी कोठे असतील, आणि तोवर त्यांना पाणी कोण घालील?

हा प्रश्न व्यवस्थापनाचा वाटतो. परंतु तो मुळात वास्तुविचाराचा प्रश्न आहे. झाडाला इमारतीत कोणते स्थान द्यावयाचे, हे ठरल्याशिवाय त्याची काळजी कोणी घ्यावयाची हे ठरू शकत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न ज्यांनी सर्वांत आग्रहाने आणि सर्वांत विक्षिप्त भाषेत उपस्थित केला, त्यांत हुंडर्टवासर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्यांच्या इमारतींचे रंग, वाकड्या रेषा आणि सोनेरी घुमट यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने त्यांनी झाड आणि रहिवासी यांच्यात कल्पिलेल्या नात्याची चिकित्सा कमी झाली. प्रस्तुत लेखाचा भर या नात्यावर आहे.

२. बुरशीपासून वृक्षापर्यंत : वैचारिक भूमिका

फ्रीडरिख श्टोवासर हे त्यांचे मूळ नाव. ‘स्टो’ या स्लाव शब्दाचा अर्थ ‘शंभर’ असा घेऊन त्यांनी आडनाव ‘हुंडर्टवासर’, म्हणजे ‘शंभर पाणी’, असे केले. वास्तुकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते; व्हिएन्नाच्या ललितकला अकादमीतही ते १९४८ साली जेमतेम तीन महिने राहिले. इमारतींविषयी ते जे बोलले ते चित्रकार म्हणून आणि रहिवासी म्हणून. त्यांच्या विचारांचे बळ आणि त्यांची मर्यादा या दोहोंचा उगम येथे आहे.

१९५८ साली त्यांनी वास्तुकलेतील विवेकवादाविरुद्ध ‘बुरशीचा जाहीरनामा’ वाचला. फूटपट्टीने आखलेली सरळ रेषा निसर्गात नाही, ती माणसाला आजारी करते, आणि भिंतीवर बुरशी चढते तेव्हा त्या भिंतीत जीवन शिरते, असा त्याचा रोख होता. या विधानाची पार्श्वभूमी व्हिएन्नाचीच आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी याच शहरात आडोल्फ लोस यांनी ‘अलंकार आणि गुन्हा’ या निबंधातून अलंकरणाला सांस्कृतिक मागासलेपणाचे लक्षण ठरविले होते. हुंडर्टवासर यांनी १९६८ साली लोस यांच्यापासून सुटका मागणारा स्वतंत्र जाहीरनामाच काढला. त्यांची हिरवाई ही, म्हणूनच, प्रथम पर्यावरणाच्या चिंतेतून नव्हे तर निर्विकार भिंतीविरुद्धच्या बंडातून आली, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

१९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘तुझा खिडकी-हक्क, तुझे वृक्ष-कर्तव्य’ या जाहीरनाम्यात या बंडाला विधायक वळण मिळाले. भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसालाही आपल्या खिडकीबाहेर हात पोहोचेल तेथपर्यंतची भिंत स्वतःच्या मनाप्रमाणे बदलण्याचा अधिकार हवा, हा खिडकी-हक्क. आणि इमारत बांधताना आपण निसर्गाकडून जी जमीन काढून घेतो ती छतावर व सज्जावर त्याला परत दिली पाहिजे, हे वृक्ष-कर्तव्य. मोकळ्या आकाशाखालील सर्व आडवी पृष्ठे निसर्गाची आहेत, असे त्यांचे सूत्र होते. त्यातूनच वृक्ष-भाडेकरूची कल्पना निघाली : घरातील खिडकीजवळची थोडी जागा माणसाने झाडासाठी सोडावी, झाड तेथे मातीत उभे राहील, खिडकीतून बाहेर वाढेल, आणि सावली, प्राणवायू, धूळ व गोंगाट यांचे शमन या रूपाने आपले भाडे चुकते करील.

या रूपकाची योजना विचारपूर्वक केलेली दिसते. झाडाला ‘अतिथी’ म्हटले असते तर त्याचे राहणे यजमानाच्या मर्जीवर अवलंबून राहिले असते; ‘मालक’ म्हटले असते तर ते केवळ भावुक विधान ठरले असते. भाडेकरू मात्र करारान्वये राहतो. त्याला मनात येईल तेव्हा घराबाहेर काढता येत नाही. युरोपातील नगरवासीयांना, आणि भाडेकरार व भाडे-नियंत्रण यांचा दीर्घ अनुभव असलेल्या मुंबईकरांनाही, या शब्दाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही.

शिवाय हुंडर्टवासर यांच्या बाबतीत हे रूपक आचरणापासून तुटलेले नव्हते. मलाचे खत करणाऱ्या शौचालयाचा आणि वनस्पतींद्वारे सांडपाणी शुद्ध करण्याचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. १९८४ साली डॅन्यूबकाठच्या हाइनबुर्ग येथील पाणथळ वन वाचविण्यासाठी झालेल्या आंदोलनात ते उतरले. २००० साली मृत्यूनंतर न्यूझीलंडमधील त्यांच्या जमिनीत, शवपेटीविना, एका ट्यूलिप वृक्षाखाली त्यांचे दफन झाले. मातीकडून घेतलेले मातीला परत द्यावे, हे सूत्र त्यांनी स्वतःच्या देहापुरते तरी पूर्ण केले.

३. हुंडर्टवासर-गृह : आशय आणि अंतर्विरोध

व्हिएन्नाचे महापौर लिओपोल्ड ग्रात्स यांच्या पुढाकाराने हुंडर्टवासर यांना नगरपालिकेची निवासी इमारत घडविण्याची संधी मिळाली. लोवेनगासे आणि केगेलगासे या रस्त्यांच्या कोपऱ्यावर १९८३ ते १९८५ या काळात ती उभी राहिली. तीत सुमारे ५० सदनिका आहेत आणि गच्च्यांवर व सज्जांवर मिळून सुमारे २५० झाडे-झुडपे आहेत. काही झाडे खोल्यांच्या आतून खिडकीबाहेर डोकावतात. सामाईक जागेतील जमीन मुद्दाम उंचसखल ठेवली आहे. या कामासाठी हुंडर्टवासर यांनी मानधन घेतले नाही. त्या जागी काही कुरूप उभे राहण्याचे टळले, यातच आपला मोबदला आहे अशी त्यांची भूमिका होती.

या वास्तूचे पहिले श्रेय असे की ती श्रीमंतांसाठी नव्हती. हिरवा सज्जा आणि गच्चीवरील झाड ही ऐषारामाची खूण नसून सामान्य भाडेकरूचा हक्क आहे, हे तिने नगरपालिकेच्या खर्चाने दाखवून दिले. दुसरे श्रेय असे की चार दशकांनंतरही तिच्यावरील झाडे उभी आहेत. रेखाचित्रातील हिरवाई आणि टिकलेली हिरवाई यांतील अंतर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या गोष्टीचे मोल कळेल.

तथापि या वास्तूत तीन अंतर्विरोध दिसतात. पहिला खिडकी-हक्काचा. जाहीरनाम्यात हा हक्क रहिवाशाचा होता. प्रत्यक्षात भिंत रहिवाशाच्या हाती येण्यापूर्वीच एका थोर कलावंताने ती रंगविलेली होती. प्रत्येक खिडकी वेगळी आहे, परंतु ते वेगळेपण पन्नास कुटुंबांनी आपापल्या हाताने आणलेले नाही. ज्या इमारतीसमोर रोज पर्यटकांची गर्दी जमते, तिच्या भिंतीवर हात चालविण्याचे धाडस रहिवाशाला कितपत होईल, हाही प्रश्नच आहे.

दुसरा अंतर्विरोध कर्तृत्वाचा. चित्रकाराच्या कल्पनेला उभे करण्यासाठी वास्तुशिल्पी लागले : प्रारंभी योसेफ क्रावीना आणि नंतर पेटर पेलिकान. क्रावीना यांना सहनिर्माते म्हणून मान्यता मिळण्याचा वाद ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१० साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. झाड उभे राहावे म्हणून तुळई किती जाड हवी, पाणी कोठून निचरावे, मुळांपासून छत कसे राखावे, हे प्रश्न सोडविणाऱ्याचे नाव इमारतीच्या नावात येत नाही. हरित वास्तुकलेच्या एकूण चर्चेचेच हे लक्षण आहे. कल्पना प्रसिद्ध होते आणि तिला जगविणारे अज्ञात राहतात.

तिसरा अंतर्विरोध सर्वांत गंभीर आहे, आणि तो व्हिएन्नाच्या इतिहासाशी संबंधित आहे. हुंडर्टवासर-गृह ज्या नगरपालिका-गृहनिर्माणाच्या परंपरेत बसते, तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कार्ल एन यांनी रचलेले कार्ल-मार्क्स-होफ. १९३० साली उद्घाटन झालेल्या या वसाहतीत सुमारे १,४०० घरे आहेत आणि तिची लांबी एक किलोमीटरहून अधिक आहे. तिच्या भूखंडाच्या एक-पंचमांशाहूनही कमी भागावर बांधकाम आहे. उरलेली जागा अंगणे, बागा आणि खेळण्याची मैदाने यांना दिलेली आहे. तेथील झाडे जमिनीत आहेत. त्यांच्यासाठी तुळई जाड करावी लागली नाही, छत मुळांपासून राखावे लागले नाही, आणि त्यांची सावली कोणा एका सदनिकेच्या मालकीची नाही. हुंडर्टवासर यांना सरळ रेषेत केवळ तुरुंग दिसला. त्या सरळ रेषेने वेढलेल्या अंगणातील सामाईक वृक्षराजी त्यांच्या सिद्धान्तात योग्य स्थान पावली नाही. झाडाला वर चढविण्याच्या उत्साहात झाडाची पहिली जागा जमीन आहे, ही साधी गोष्ट मागे पडली.

याच ठिकाणी श्पिटेलाऊ येथील कचरा-दहन केंद्राचा उल्लेख करणे प्राप्त आहे. १९८७च्या आगीनंतर हुंडर्टवासर यांनी त्याचे बाह्यरूप नव्याने घडविले आणि १९९२ साली ते पूर्ण झाले. तेथील उष्णता शहरातील घरांना पुरविली जाते, ही उपयुक्त गोष्ट होय. परंतु धुराड्यावर निळा-सोनेरी गोळा बसविल्याने केंद्राच्या आतील प्रक्रियेत काही बदल होत नाही. प्रतिभा येथे आवरणापुरती राहिली आहे. हुंडर्टवासर यांच्यावर ‘सजावटकार’ असा जो आक्षेप घेतला जातो, तो श्पिटेलाऊपुरता मान्य करावा लागतो. वृक्ष-भाडेकरूच्या बाबतीत तो अन्यायाचा ठरेल.

४. माती आणि पाणी यांचे गणित

कल्पनेची चिकित्सा करताना भौतिक बाजू टाळता येत नाही. पाण्याने भिजलेल्या एक घनमीटर मातीचे वजन साधारणपणे पावणेदोन ते दोन टन भरते. म्हणजे गच्चीवर अर्धा मीटर जाडीचा मातीचा थर टाकल्यास प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९०० किलोग्रॅम भार येतो. भारतात राहत्या खोल्यांच्या रचनेसाठी माणसे व सामानसुमान यांचा जो वापरभार सामान्यतः धरला जातो, तो चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम असतो. अर्ध्या मीटरच्या ओल्या मातीचा भार त्याच्या चौपटीहून अधिक झाला, आणि त्यात झाडाचे स्वतःचे वजन व वाऱ्याचा जोर धरलेला नाही. हा भार पेलण्यासाठी अधिक सिमेंट आणि अधिक पोलाद लागते; त्यांच्या उत्पादनात कर्बवायू बाहेर पडतो. त्यामुळे उंचावर लावलेले झाड पर्यावरणाच्या हिशेबात प्रारंभीच कर्जदार असते. ते कर्ज फेडण्यासाठी त्याला दीर्घकाळ जगावे लागते.

पाण्याचेही तसेच आहे. जमिनीतील झाड एकदा रुजले की मुळे खोल नेऊन स्वतःचे पाणी शोधते. सज्जातील झाडाला ही मुभा नाही. त्याचे पाणी दररोज कोणीतरी त्याच्यापर्यंत पोहोचवावे लागते, आणि जोपर्यंत झाड आहे तोपर्यंत पोहोचवीत राहावे लागते. जमिनीवरच्या वृक्षाची लागवड ही एक घटना असते. इमारतीवरच्या वृक्षाची लागवड हे न संपणारे वचन असते. हुंडर्टवासर यांनी ‘कर्तव्य’ हा शब्द वापरला तो किती अचूक होता, हे या गणितातून स्पष्ट होते.

५. मिलान : १९७३ आणि २०१४

वृक्ष-भाडेकरूची कल्पना लोकांसमोर प्रत्यक्ष मांडली गेली ती मिलान शहरात. १९७३च्या त्रैवार्षिक प्रदर्शनाच्या निमित्ताने हुंडर्टवासर यांनी तेथील व्हिया मान्झोनी या रस्त्यावरील एका इमारतीच्या खिडक्यांत काही झाडे ‘राहावयास’ आणली. त्याच शहरात चार दशकांनंतर, २०१४ साली, स्टेफानो बोएरी आणि त्यांचे सहकारी यांनी रचलेले ‘बोस्को व्हर्तिकाले’, म्हणजे ‘उभे वन’, पूर्ण झाले. पोर्ता नुओव्हा या नव्याने विकसित भागातील या जोडइमारतीपैकी उंच मनोरा सुमारे ११० मीटरचा आहे. दोहोंवर मिळून सुमारे ८०० झाडे आणि हजारो झुडपे व वेली आहेत. एका शहरातील या दोन प्रसंगांची तुलना उद्बोधक आहे.

तांत्रिक दृष्टीने बोस्को व्हर्तिकाले ही हुंडर्टवासर यांच्या स्वप्नाची परिपूर्ती म्हणता येईल. झाडे काही वर्षे आधीपासून रोपवाटिकेत या कामासाठी वाढविण्यात आली. वाऱ्याच्या बोगद्यात त्यांची चाचणी झाली. मुळांचे गोळे पोलादी तारांनी जखडण्यात आले. पाणीपुरवठ्यासाठी केंद्रीय यंत्रणा आहे, आणि दोरांच्या साहाय्याने छतावरून खाली उतरून छाटणी करणारे प्रशिक्षित माळी आहेत. चित्रकाराला जे साधले नसते ते येथे वनस्पतिशास्त्र आणि अभियांत्रिकी यांच्या संगनमताने साधले आहे, आणि त्याचे श्रेय नि:संकोच दिले पाहिजे.

मात्र या परिपूर्तीत एक गोष्ट हरवली. येथील झाडे रहिवाशाच्या सज्जात असली तरी त्यांची निगा सामाईक व्यवस्थेकडे आहे. रहिवासी झाड बदलू शकत नाही, आणि छाटणीही त्याच्या इच्छेवर चालत नाही. त्याने देखभाल-शुल्क भरावयाचे आणि हिरवाईचा उपभोग घ्यावयाचा. झाडाच्या बाजूने पाहिल्यास ही व्यवस्था उत्तम आहे. मालकाच्या आळसामुळे त्याला मरावे लागत नाही. परंतु खिडकी-हक्क येथे पूर्णतः संपतो आणि वृक्ष-कर्तव्य पैशात रूपांतरित होते. झाड जगते, नाते उरत नाही. पुन्हा, हे नाते विकत घेऊ शकणारा वर्ग मर्यादित आहे. या सदनिका उच्च उत्पन्न गटासाठीच होत्या.

न्यायबुद्धीने हेही नोंदविले पाहिजे की बोएरी यांच्याच संस्थेने नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे २०२१ साली ‘ट्रूडो’ हा १९ मजली मनोरा सामाजिक गृहनिर्माणासाठी पूर्ण केला. तेथे १२५ लहान सदनिका असून मुख्यतः अल्प उत्पन्नाच्या तरुणांचा विचार त्यात केलेला आहे. व्हिएन्नाच्या नगरपालिकेने ज्या प्रश्नाला हात घातला होता, त्याकडे हिरवी वास्तुकला वळसा घालून का होईना परतत आहे, असे म्हणता येईल.

६. फुकुओका आणि चेंगडू : दोन टोके

जपानमधील फुकुओका येथे एमिलिओ आम्बास यांच्या रचनेनुसार १९९५ साली उभारलेली ‘आक्रोस’ ही इमारत वेगळ्या मार्गाने जाते. शहराच्या मध्यभागी उद्यानालगतच्या सरकारी जागेवर मोठी इमारत बांधावयाची होती. आम्बास यांनी इमारतीची दक्षिण बाजू पायऱ्यापायऱ्यांनी उतरती केली आणि प्रत्येक पायरीवर माती टाकून उद्यानच छतावर चढविले. लोकांना तेथे चढून जाता येते. वरच्या पायरीवर पडलेले पावसाचे पाणी खालच्या पायऱ्यांकडे उतरत येते. प्रारंभी तेथे ७६ जातींची लागवड होती. आज सुमारे १२० जाती आढळतात. वाढलेल्या जातींचा एक मोठा वाटा पक्ष्यांनी आणलेल्या बियांचा आहे.

ही गोष्ट लक्षणीय आहे. मिलानमधील प्रत्येक झाडाची जागा आराखड्याने निश्चित केलेली आहे. फुकुओकात न बोलावता आलेल्या रोपालाही राहू दिले गेले. भाडेकरू या शब्दाचा खरा अर्थ येथे फळाला आलेला दिसतो, कारण रहिवासी ठरविण्याचा काही अधिकार माणसाने पक्ष्यांकडे सोपविला आहे. आणि हे साधले ते इमारत सार्वजनिक असल्यामुळे, तसेच माती सलग असल्यामुळे. सुट्या कुंड्यांत हे घडले नसते.

दुसऱ्या टोकाला चीनमधील चेंगडू येथील ‘छीयी नागरी वन-उद्यान’ या गृहप्रकल्पाचे उदाहरण आहे. आठशेहून अधिक सदनिकांच्या या मनोऱ्यांत प्रत्येक सज्जावर झाडे लावण्यात आली होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार बहुतेक सदनिका विकल्या गेल्या होत्या, परंतु राहावयास आलेली कुटुंबे अगदी मोजकी होती. रहिवासी नसलेल्या सज्जांत झाडे अनिर्बंध वाढली आणि डासांच्या उपद्रवाची तक्रार सुरू झाली. येथे हिरवाईची कमतरता नव्हती. कर्तव्य पार पाडणारा माणूसच अनुपस्थित होता. वृक्ष-भाडेकरू आले, सोबत राहणारे भाडेकरू आले नाहीत.

७. आपल्या संदर्भात

या सर्व उदाहरणांचा आपल्याकडे विचार करताना हवामानाचा फरक ध्यानात घ्यावा लागतो. हुंडर्टवासर यांना बुरशीसाठी जाहीरनामा काढावा लागला. कोकणात ती दर पावसाळ्यात जाहीरनाम्याविना येते. भिंतींना झडीपासून वाचविण्यासाठी नारळाची झापे लावणाऱ्या घराला बुरशी हे मुक्तीचे प्रतीक वाटणे अवघड आहे. वृक्ष-भाडेकरूही आपल्याला नवे नाहीत. पिंपळ, वड आणि उंबर यांची बीजे पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या भेगेत किंवा सांडपाण्याच्या नळाच्या सांध्यात पडतात आणि मातीवाचून रुजतात. हे भाडेकरू करार करीत नाहीत. कालांतराने ते घरच ताब्यात घेतात. जुन्या वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या तटबंदीत त्यांनी केलेली पडझड सर्वपरिचित आहे. पिंपळ उपटण्यास मन धजत नाही आणि ठेवल्यास भिंत राहत नाही, ही आपली पेचस्थिती हुंडर्टवासर यांच्या सिद्धान्तात नाही. झाडाला इमारतीत स्थान देणे म्हणजे त्याला मर्यादाही घालून देणे होय, ही जाणीव उष्ण आणि पावसाळी प्रदेशातील माणसाला अधिक असते.

याउलट, नात्याच्या बाबतीत आपल्याकडे जुनी शहाणीव आहे. न्हाणीचे पाणी परसातील केळी आणि अळू यांना सोडण्याची रीत ही सांडपाणी व वनस्पती यांची सांगड घालणारी व्यवस्थाच होती. तुळशीवृंदावनात रोपाची देखभाल नित्यकर्माचा भाग झालेली असते, त्यामुळे ती विसरली जात नाही. मात्र हे कर्तव्य बहुतांशी घरातील स्त्रीच्या वाट्याला आले, हेही विसरू नये. ‘कर्तव्य कोणाचे?’ हा प्रश्न परंपरेलाही विचारावा लागतो.

आधुनिक वास्तुकलेत मुंबईच्या कंबाला हिल भागातील ‘कांचनजंगा’ या चार्ल्स कोरिया यांच्या इमारतीचा (१९८३) उल्लेख येथे उचित ठरेल. मुंबईत वाऱ्यासाठी घर पश्चिमेला उघडे हवे. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा हेही त्याच दिशेने येतात. जुन्या बंगल्यांनी यावर सभोवार व्हरांड्याचा उपाय काढला होता. कोरिया यांनी तो व्हरांडा दोन मजली उंचीच्या, कोपऱ्यावरील उद्यान-गच्चीच्या रूपाने २८ मजली मनोऱ्यात आणला. येथे हिरवाई वरून चिकटविलेली नाही. ऊन-पावसाच्या प्रश्नाच्या उत्तरातून तिला जागा मिळाली आहे. वर्गमर्यादा येथेही आहे, कारण अशा सदनिका अवघ्या ३२ आहेत. सामान्य मुंबईकराने आपला सज्जा काचा व जाळ्या लावून खोलीत घेतला, तो झाडाविषयीच्या अनास्थेमुळे नव्हे, तर घरातील माणसांनाच जागा पुरेना म्हणून. ज्या घरात माणूस दाटीने राहतो तेथे वृक्षासाठी चौरस मीटर सोडण्याचा उपदेश करणे सोपे नाही. अशा घरांसाठी कार्ल-मार्क्स-होफचे उत्तर, म्हणजे जमिनीवरील सामाईक अंगण, आजही अधिक न्याय्य आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

एक, हुंडर्टवासर यांचे खरे योगदान रंग व वक्ररेषा यांत नसून झाडाला करारबद्ध रहिवासी मानण्यात आहे. त्यांच्या अनुकरणात रंग व वक्ररेषा सर्वत्र पसरल्या. करार मात्र मागे राहिला.

दोन, इमारतीवरील हिरवाईचे मूल्यमापन तीन प्रश्नांनी करावे. माती किती खोल आणि किती सलग आहे? पाणी कोठून येते आणि वाया गेलेले पाणी त्यात वापरले जाते काय? आणि झाडाचे पालकत्व कोणाकडे, किती काळासाठी आहे? मिलानने तिसऱ्या प्रश्नाला पैशाचे उत्तर दिले, फुकुओकाने सार्वजनिकतेचे, तर चेंगडूकडे उत्तर नव्हते.

तीन, जेथे जमीन उपलब्ध आहे तेथे इमारतीवरील झाड जमिनीवरील झाडाला पर्याय ठरू शकत नाही. अंगणातील जुना वृक्ष तोडून गच्चीवर बाग दाखविणे हा वृक्ष-कर्तव्याचा भंगच होय.

चार, शैक्षणिक संस्थांनी आपल्या परिसराचे लेखापरीक्षण करताना झाडांची संख्या मोजण्याबरोबरच त्यांच्या पालकत्वाची नोंद ठेवावी. कोणत्या झाडाची जबाबदारी कोणत्या विभागाकडे आहे, उन्हाळ्याच्या सुटीत त्याला पाणी कोण देतो, आणि पाच वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी किती झाडे आज उभी आहेत, एवढी माहिती एका नोंदवहीत मावते. पाहुण्यांच्या स्वागतापुरत्या आणलेल्या कुंड्यांची नावे त्या नोंदवहीत येणार नाहीत, आणि हाच तिचा उपयोग होय.